हीटसिंकची १६२ डिझाइन्स: सगळी तपासायची, की थोडक्यात भागतं?

सदा_गरम (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

सोलर पंपाचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी मेकॅनिकल डिझाइनला आहे. शेतात खांबाला टांगलेली पेटी असते. पंखा लावता येत नाही, धुळीने जाम होतो. म्हणून मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग), उभ्या फिन (पाती), आणि बाकी हवेच्या मर्जीवर. गेल्या मे महिन्यात विदर्भातून रोज दुपारी फोन: 'साहेब, पंप बंद पडला.' पेटी तापून ट्रिप होत होती. आता नवीन हीटसिंक करायचा आहे.

ठरवायच्या गोष्टी पाच: फिनची उंची (२५ ते ५० मिमी), फिनची जाडी (१.५ ते ३), दोन फिनमधलं अंतर (४ ते १४), बेसची जाडी (५ ते १०) आणि ॲनोडाइज (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवणं) करायचं की नाही. रुंदी ठरलेली आहे, त्यामुळे अंतर वाढवलं की फिन कमी होतात. पहिल्या चारांची तीन-तीन मापं धरली आणि ॲनोडाइज हो/नाही, तर ३×३×३×३×२ = १६२. एक सिम्युलेशन माझ्या लॅपटॉपवर ४० मिनिटं खातं. म्हणजे १०८ तास.

साहेब म्हणतात, "एवढं कशाला? एकेक गोष्ट बदलून बघ, चांगली निघेल ती फिक्स कर, पुढची घे." ते दहा रनमध्ये उरकतं. कॉलेजात डिओई (प्रयोगांची आखणी) म्हणून एक युनिट होतं, ते मी ऑप्शनला टाकलं होतं. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा: साहेबांची पद्धत चालेल का? नसेल तर किती रन लागतील?

उपासाची_मिसळ

ऑप्शनला टाकलेलं युनिट नोकरीत कंपल्सरी येतं. माझं हीट ट्रीटमेंटचं आलं.

शंकासुर

साहेबांची पद्धत चालेल. मी तीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढली. आमचा फोरमन मशीनला हात लावून सांगायचा काय बिघडलंय ते. हल्ली चार रकाने आणि दहा रंग असल्याशिवाय कुणाला काही पटत नाही. दहा रनमध्ये काम होतंय तर घरी लवकर जा.

तात्या_एल९

सदाभाऊ, तुमच्यासाठी तर पंगत मांडून ठेवली आहे. जपानी इंजिनिअर तागुची यांचा एल१८ घ्या, म्हणजे १८ रनचा तयार तक्ता. त्यात एक रकाना दोन पातळ्यांचा आणि सात रकाने तीन पातळ्यांचे. तुमचं ॲनोडाइज पहिल्या रकान्यात, बाकी चार पुढच्यांत, तीन रकाने रिकामे सोडा. १८ रन, बारा तास. रात्री लावा, सकाळी चहाबरोबर उत्तर.

मोठी भट्टी बदलायची नाही, मातीचं मिश्रण बदलायचं, हा तागुचींचा खाक्या. १९५३ साली जपानमधल्या इना कंपनीत भट्टीतल्या कडेच्या आणि मधल्या टाइल्सची मापं वेगवेगळी यायची, कारण भट्टीत सगळीकडे सारखं तापमान नव्हतं. भट्टी सुधारायची तर खर्च अफाट. त्यांनी मिश्रणातले घटक बदलून प्रयोग केले. चुनखडीचं प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्के केल्यावर मापांतला फरक आटोक्यात आला. भट्टी तीच, तिचा हट्ट तोच, टाइलच तो सोसायला शिकली. तुमच्या पेटीलाही विदर्भ सोसायला शिकवायचंय.

रीना_आयंडहोवन

तात्या, गोष्ट छान, पण एल१८ मध्ये एक मेख आहे, ती सांगा ना. दोन घटकांचा एकमेकांवर होणारा परिणाम बहुतेक सगळ्या रकान्यांत थोडा-थोडा सांडतो. म्हणजे 'उंचीचा परिणाम' म्हणून जे दिसतं त्यात अंतर आणि ॲनोडाइजची भेसळ असू शकते, आणि ती वेगळी काढता येत नाही.

सदा, मी १६ रन सुचवेन. पाच घटक, प्रत्येकाची दोनच टोकं, एकूण ३२ जोडण्या, त्यांतल्या निम्म्या. कुठल्या निम्म्या ते असं ठरवायचं: पहिल्या चार घटकांच्या सगळ्या १६ जोडण्या लिही, वरच्या टोकाला +१ आणि खालच्याला −१. चारांचा गुणाकार येईल ती पाचव्याची खूण. एवढ्यात पाचही घटकांचे परिणाम आणि त्यांच्या दहाही जोड्या स्वच्छ वेगळ्या होतात, फक्त तीन-चार घटकांच्या एकत्र भानगडी सोडून द्याव्या लागतात, आणि त्या सहसा नगण्य असतात. त्यावर मधल्या मापांचे दोन रन टाक, एक ॲनोडाइज करून, एक न करता. झाले तुझेही १८.

शंकासुरांसाठी खास. एसकेएफ या बेअरिंग कंपनीतला प्रयोग, १९८९ साली प्रसिद्ध झालेला. बेअरिंगमधल्या गोळ्या जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याचे दोन प्रकार तपासायचे होते. त्यांना सल्ला मिळाला: तेवढ्याच आठ चाचण्यांत आणखी दोन गोष्टी फुकटात बदलून बघा. मग उष्णतोपचार आणि रेसची (गोळ्या जिच्यातून फिरतात त्या खाचेची) वक्रता घेतली. पिंजऱ्याने काहीच फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी जुन्याच ठेवल्या तर आयुष्य सरासरी १८ तास. एकच बदलली तर २१ किंवा २३. दोन्ही एकदम बदलल्या तर १०६! एकेक बदलणाऱ्याने पहिल्या पायरीवरच म्हटलं असतं, "ह्यात काही दम नाही," आणि घरी लवकर गेला असता. हलके घ्या.

शंकासुर

घेतलं. पण हे एक उदाहरण सगळे जण सांगतात. ज्या हजार ठिकाणी एकेक बदलून काम झालं त्याचे पेपर कोण छापतो?

ब्लॉक_प्लॉट

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा माजी विद्यार्थी या नात्याने थोडं आमचंही ऐका, कारण हे सगळं शेतातून तुमच्या कारखान्यात गेलं आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडच्या शेती केंद्रात रुजू झाले. खतांच्या प्रयोगांचे ढीग त्यांच्यासमोर होते. त्यातून ही विद्या निघाली. आमच्याकडे 'पानसे-सुखात्मे' म्हटलं की संख्याशास्त्राचं कुठलं पुस्तक ते कृषीच्या पोरांना विचारा. त्यातले सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

एम.एस्सी.ला माझे ज्वारीचे प्लॉट होते. खताच्या चार मात्रा. मी व्यवस्थितपणाच्या नादात ओळीने लावल्या: पाटाकडून सुरुवात, सगळ्यात जास्त मात्रा पाटाशेजारी. गाइड आले, बांधावर उभे राहून नुसतं बघितलं आणि म्हणाले, "पीक पाटाच्या पाण्याने येणार आणि कौतुक खताचं होणार." सगळे खुंट उपटायला लावले. मग शेताचे पाटाला समांतर पट्टे (आमच्या भाषेत 'ब्लॉक') पाडले, आणि प्रत्येक पट्ट्यात चारही मात्रा चिठ्ठ्या टाकून लावल्या.

सदाभाऊ, तुम्ही पुढे खरे नमुने बनवून तापवाल, तेव्हा हे लक्षात ठेवा. सकाळी जुना हीटसिंक आणि दुपारी नवा तपासलात तर तुम्ही खोलीचं तापमान मोजाल.

जाईजुई

वाचतेय. छान धागा.

नलू_आत्या

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारते. माझ्या चकल्या दर दिवाळीला वेगळ्या होतात. भाजणी तीच, गिरणी तीच. मोहन जास्त झालं तर तेलात विरतात, कमी झालं तर दगड. सासूबाई म्हणायच्या पाणी उकळतं हवं, जाऊबाई म्हणतात कोमट. तेल किती तापवायचं यावर तर घरात दोन पक्ष आहेत. तुमच्या त्या पद्धतीने माझी चकली सुधारेल का?

उपासाची_मिसळ

आत्या, २×२×२ = ८ घाणे. मोहन कमी/जास्त, पाणी कोमट/उकळतं, तेल मध्यम/कडक. चाखायला मी येतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ब्लॉक_प्लॉट

आत्या, प्रश्न अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त घाणे चिठ्ठ्या टाकून कुठल्याही क्रमाने तळा. ओळीने तळलेत तर शेवटचे सगळे घाणे जुन्या, जळक्या तेलात येतील आणि दोष उकळत्या पाण्यावर जाईल. माझ्या पाटासारखंच.

आणि चाखणाऱ्याला कुठली कुठली ते सांगू नका. फिशर यांचा गाजलेला प्रयोग चहाचाच आहे. एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा ते मी चवीवरून ओळखते. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम सरमिसळ. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १.

नलू_आत्या

आमच्या ह्यांना चाखायला बसवण्यात अर्थ नाही. लग्नाला ३४ वर्षं झाली, प्रत्येक पदार्थाला एकच शेरा: "छान झालंय."

रीना_आयंडहोवन

आत्या, याला आमच्यात 'मोजमाप यंत्रात रिझोल्यूशन नाही' म्हणतात. प्रयोगाआधी यंत्र बदलायचं असतं. (गंमत आहे, दिवे घ्या!)

आकडेमोड_मावशी

धागा चकलीत तळला जाण्याआधी एक अवांतर. तात्या, तुमच्या एल१८ चं मूळ जपानात शोधू नका. असल्या तक्त्यांचा, म्हणजे ऑर्थोगोनल ॲरेंचा, सिद्धांत संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात मांडला. तागुची स्वतः १९५४-५५ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिले होते.

आणि आपल्या माणसाचं नाव इथे कुणीच घेतलं नाही म्हणून मी घेते. गणिती शरदचंद्र श्रीखंडे. जन्म सागरचा, शिक्षण नागपूरला. गणितज्ञ ऑयलरने १७८२ साली म्हटलं होतं की ६, १०, १४ अशा आकाराचे एकमेकांशी ऑर्थोगोनल लॅटिन चौरस (प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच; दोन चौरस एकावर एक ठेवले की चिन्हांची प्रत्येक जोडीही एकदाच) असूच शकत नाहीत. सहाच्या बाबतीत तो बरोबर निघाला. बाकी सगळ्यांबाबत चूक होता हे १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली आणि तिघांना 'ऑयलर्स स्पॉइलर्स' असं नाव पडलं. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० साली शंभरी ओलांडून गेले. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

जाईजुई

मला नव्हतं. धन्यवाद मावशी.

तात्या_एल९

मावशींना दंडवत. कलकत्ता मान्य, चूक कबूल.

रीनाताई, भेसळीचा मुद्दाही मान्य. पण तुमच्या दोन टोकांच्या पद्धतीतली मेख मी सांगतो. फिनमधलं अंतर ४ घेतलं, हवा गुदमरते. १४ घेतलं, फिनच कमी उरतात. दोन्हीकडे पेटी सारखीच गरम निघाली तर तुमचं गणित म्हणेल, 'अंतराचा परिणाम शून्य'. माझा एल१८ मधलं मापही बघतो.

रीना_आयंडहोवन

बरोबर, म्हणून तर मधले दोन रन टाकायला सांगितले. टोकांची सरासरी आणि मधलं उत्तर यांत मोठी तफावत आली की समजायचं कुठेतरी वाक आहे. कुठल्या घटकात आहे ते मात्र त्यातून कळत नाही. तेवढं कर्ज राहतं.

भोसरीचा_भाऊ

मधले रन तीन-चार वेळा करायचे असतात ना? आम्ही मोल्डिंगला नेहमी करतो, मोजमापातली चूक किती ते त्यातून कळतं.

रीना_आयंडहोवन

खऱ्या मशीनवर नक्की करा. सिम्युलेशनला तेच आकडे पुन्हा दिले तर तेच उत्तर पुन्हा येतं. कॉम्प्युटरचा मूड बदलत नाही. म्हणूनच तिथे पुनरावृत्ती नको आणि चिठ्ठ्याही नकोत, त्याऐवजी बिंदू सगळीकडे नीट पसरलेले हवेत. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या मंडळींनी लॅटिन हायपरक्यूब काढला तो त्यासाठीच: पन्नास रन करायचे तर प्रत्येक घटकाच्या पट्टीचे पन्नास तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा एकदाच वापरायचा. मग त्या उत्तरांवरून एक पृष्ठभाग (मधल्या मापांचाही अंदाज देणारं सूत्र) बसवायचा. ढोबळ हिशेब एका घटकाला दहा रन. सदा, चांगला कॉम्प्युटर असता तर तुला हेच सांगितलं असतं.

सातपूरकर

मी एक्स्ट्रूजनवाला, म्हणजे तापलेलं ॲल्युमिनियम डायमधून (साच्यातून) दाबून आकार काढणारा. तुमची चर्चा वाचून डोकं धरलं. ५० उंच फिन आणि मध्ये ४ मिमी फट? तेवढ्या फटीसाठी डायमध्ये जी जीभ ठेवावी लागते ती एवढी लांब आणि बारीक होते की पहिल्याच बिलेटला (ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला) मोडते. डाय काय तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही, माझ्या खिशात आहे. आधी एखाद्या एक्स्ट्रूजनवाल्याला फोन करा, मग रात्रभर मशीन चालवा.

सदा_गरम

बाप रे! हा विचारच केला नव्हता. म्हणजे तो कोपरा प्रयोगातूनच काढून टाकू का?

सातपूरकर

बघा की हवं तर. बनवायला माझ्याकडे येऊ नका एवढंच.

रीना_आयंडहोवन

सिम्युलेशनमध्ये राहू दे. तो कोपरा काढलास तर चौकट लंगडी होते आणि परिणाम पुन्हा एकमेकांत मिसळतात. निवड करताना काढ.

---

सदा_गरम (बारा दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला, माफी. लॅपटॉप दोन रात्री फ्रीजशेजारच्या टेबलावर ठेवून चालवला. आई म्हणाली, "घरात दोन कॉम्प्रेसर झाले."

रीनाताईंचे १६ अधिक २ आधी केले. फिनची उंची सगळ्यात जास्त गार करते, त्यानंतर ॲनोडाइज. बेस आणि जाडी किरकोळ. आणि अंतराचा परिणाम? अर्धा अंशसुद्धा नाही! साहेब खूश: "सांगितलं होतं ना, अंतराने काही होत नाही." मग मधले दोन रन उघडले. टोकांच्या सरासरीपेक्षा सात अंश गार. तात्या, तुमचीच आठवण आली.

वाक कशात आहे ते शोधायला आणखी आठ रन केले: चारपैकी एकच गोष्ट टोकाला, बाकी तीन मध्ये, सगळ्यांत ॲनोडाइज 'हो'. वाक जवळजवळ पूर्ण अंतराचा निघाला. ८ ते ९ मिमीच्या आसपास सगळ्यात गार, दोन्हीकडे गरम. एकूण २६ रन, सतरा तास वीस मिनिटं. आमच्या गेल्या वर्षीच्या पेटीत अंतर ५ होतं. कारण? 'जास्त फिन म्हणजे जास्त गार', आणि भरगच्च दिसतं म्हणून विक्रीवाल्यांनाही आवडलं होतं.

तात्या_एल९

मी काही बोलत नाही. फक्त मिशीवरून हात फिरवतो.

शंकासुर

सदा, मनापासून अभिनंदन. पण प्रामाणिकपणे सांग. साहेबांच्या पद्धतीने अंतराची ४, ९, १४ अशी तीन मापं घेतली असती तर ९ सापडलंच असतं ना? तेही दहा रनमध्ये.

सदा_गरम

हो काका, अंतर सापडलं असतं. ॲनोडाइज हुकलं असतं. साहेबांच्या यादीत ॲनोडाइज पहिलं होतं आणि सुरुवात जुन्या डिझाइनसारखी, म्हणजे गच्च फिनपासून. ४ मिमी अंतरात ॲनोडाइजने जेमतेम ३ अंश सुटतात, १४ मध्ये ८. तीन अंशांसाठी प्रत्येक नगाला खर्च कोण करणार? पहिल्याच पायरीला 'नको' म्हणून फिक्स झालं असतं आणि नंतर अंतर मोकळं केल्यावर तिकडे कुणी परत वळून बघितलं नसतं. असं का होतं ते मात्र मला नीट समजलं नाही.

रीना_आयंडहोवन

ॲनोडाइज केलेला पृष्ठभाग उष्णता किरणांनी जास्त बाहेर टाकतो, कोरं ॲल्युमिनियम त्या बाबतीत कंजूष. पण फिन गच्च असल्या की त्या एकमेकींकडेच तोंड करून बसतात. एकीने टाकलेलं दुसरी घेते, बाहेर थोडंच जातं. शिवाय अरुंद खोल फट कोरी असली तरी काळ्या पृष्ठभागासारखी किरणं टाकते, मग ॲनोडाइजचा फरक आणखी कमी.

शंकासुर

हे पटलं. क्रम बदलला असता तर साहेबांचं उत्तर बदललं असतं, म्हणजे उत्तर यादीच्या क्रमावर अवलंबून. ठीक आहे. फोरमनवरची श्रद्धा मात्र कायम आहे.

सातपूरकर

४५ उंचीला ९ फट. हे आमच्या हाताखालचं काम आहे. या.

सदा_गरम

दादा, व्यनि केलाय. सध्या मशीनिंग करून एक नवा नमुना केला आणि जुन्या ५ मिमीवाल्यासमोर तपासला. ब्लॉक_प्लॉट यांचं ऐकून रोज दोन्ही तपासले, आधी कुठला ते नाणं उडवून. तीन दिवसांत जुन्यापेक्षा सरासरी सहा अंश गार. सिम्युलेशनने सांगितलं होतं त्यापेक्षा दोन्ही नमुने साधारण चार अंश गरम निघाले. कंट्रोलर आणि बेसच्या मध्ये जी थर्मल पेस्ट असते ती मी मॉडेलमध्ये घेतलीच नव्हती, बहुतेक त्यामुळे. खरी परीक्षा मे महिन्यात, अकोल्याला.

भोसरीचा_भाऊ

पेस्टचा थर आमच्याकडे माणसागणिक बदलतो. कोण बोटाने लावतो, कोण पत्र्याने. तो सहावा घटक धर.

सदा_गरम

धरला. आता हे साहेबांना कसं सांगू ते सुचवा.

नलू_आत्या

मी पण प्रयोग केला बरं का! आठ चिठ्ठ्या केल्या, नातीने उचलल्या. चार घाणे तळले आणि सिलिंडर संपला. उरलेले चार दुसऱ्या दिवशी नव्या सिलिंडरवर, नव्या तेलात. आता हे ते ब्लॉक झाले का?

ब्लॉक_प्लॉट

झाले आत्या. पण पहिल्या दिवशी कुठले चार तळले ते सांगा. त्यावर ठरेल की काय हाती लागलं आणि काय तेलाबरोबर गेलं. योगायोगाने चारही उकळत्या पाण्याचे असतील, तर पाणी आणि तेल वेगळं करणं आता कठीण.

नलू_आत्या

चिठ्ठ्या डब्यांवर चिकटवल्या होत्या. ह्यांनी डबे एकत्र केले. म्हणाले, "सगळ्या छानच झाल्यात, वेगळ्या कशाला ठेवायच्या?"